‘बी खराब’ म्हणजे नेमके काय?

माझ्या धाकट्या जावेच्या फाईलमधील एका पानावर डॉक्टरांनी पेनाने तीन इंग्रजी शब्द लिहिले आहेत आणि त्यांचा अर्थ ‘स्त्रीबीजाची गुणवत्ता कमी’ असा होतो. शहरातल्या त्या दवाखान्यात हे सांगायला अर्धे मिनिटही लागले नसेल. साडेतीन तासांचा एसटीचा प्रवास करून आम्ही गावी पोहोचलो, घरच्यांना ते आमच्या भाषेत सांगितले, आणि आठ दिवसांत ‘धाकटीचं बीच खराब हाय’ हे वाक्य आठवडी बाजारापर्यंत गेले. शेकडो वर्षे बाईला वावर आणि पुरुषाला बी म्हणत आलेल्या आमच्या समाजाने, दोष द्यायची वेळ आली तेव्हा बीसुद्धा बाईच्याच पदरात घातले, याचा मला आलेला राग अजून गेलेला नाही.

मी तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. बारावीच्या वर्गात मानवी प्रजननाचे प्रकरण मी एकोणीस वर्षे शिकवले आहे आणि दरवर्षी फळ्यावर अंडाशयाची आकृती काढली आहे. त्या आकृतीत मधोमध एक मोठे वर्तुळ म्हणजे अंडपेशी, आणि तिच्याभोवती खडूने टिपलेले ठिपके. ठिपक्यांना मी ‘पुटिकेच्या पेशी’ एवढे नाव देऊन पुढे जात असे, कारण परीक्षेत त्यांच्यावर प्रश्न येत नाही. जावेने त्या रात्री विचारले, “ताई, क्वालिटी कमी म्हणजे माझ्या बीजात काय कमी आहे?” आणि मला एकाही वाक्याचे धड उत्तर देता आले नाही. त्यानंतरची दोन वर्षे मी जे वाचले, ते मुख्यतः त्या ठिपक्यांविषयी आहे.

प्रथम अंडपेशीविषयी, कारण तिच्या वयाची गोष्ट घरातल्या कोणालाच ठाऊक नव्हती. मुलगी आईच्या पोटात पाच महिन्यांची असते तेव्हा तिच्या अंडाशयांत साठ ते सत्तर लाख अंडपेशी असतात. तेथून पुढे त्या फक्त कमी होत जातात. जन्माच्या वेळी दहा ते वीस लाख उरतात, पाळी सुरू होताना तीन-चार लाख, आणि पूर्ण आयुष्यात त्यांतल्या जेमतेम चारशे बाहेर पडतात. याचा अर्थ असा की जावेची प्रत्येक अंडपेशी तिची आई गरोदर असतानाच तयार झाली होती, आणि तिथेच तिचे अर्धगुणसूत्री विभाजन सुरू होऊन अर्ध्यावर थांबले होते. चौतिसाव्या वर्षी जी अंडपेशी बाहेर पडते, ती चौतीस वर्षांहून जास्त काळ त्या थांबलेल्या अवस्थेत बसून राहिलेली असते. शरीरातल्या फार थोड्या पेशींना इतकी दीर्घ प्रतीक्षा करावी लागते.

ही प्रतीक्षा ती एकटीने करत नाही. प्रत्येक अंडपेशीभोवती सुरुवातीला चपट्या पेशींचा एक थर असतो. फॉलिकल, म्हणजे आपल्या पुस्तकातली पुटिका, वाढू लागली की या पेशी फुगीर होतात, त्यांचे एकावर एक थर चढतात, आणि त्यांनाच ग्रॅन्युलोसा पेशी म्हणतात. पुढे फॉलिकलमध्ये द्रव साठून पोकळी तयार होते तेव्हा या पेशींचे दोन गट पडतात. एक गट भिंतीला अस्तरासारखा चिकटून राहतो आणि संप्रेरके तयार करतो. दुसरा गट अंडपेशीला बिलगून राहतो, त्याला क्युम्युलस पेशी म्हणतात. सोनोग्राफीत डॉक्टर ‘अठरा मिलिमीटरचे झाले’ असे जे म्हणतात ते फॉलिकलचे माप असते. त्याच्या आतली अंडपेशी मिलिमीटरच्या आठव्या हिस्स्याएवढी असते आणि सोनोग्राफीत ती कधीच दिसत नाही. फॉलिक्युलर स्टडीच्या कागदावरचे आकडे म्हणजे आपल्या बीजाची मापे, असे आम्ही दोघी कितीतरी महिने समजत होतो.

क्युम्युलस पेशी आणि अंडपेशी यांच्यामध्ये एक जाड पारदर्शक आवरण असते, पण ते भिंत म्हणून काम करत नाही. क्युम्युलस पेशी आपले अतिशय बारीक धागे त्या आवरणातून आरपार घालतात आणि अंडपेशीच्या पृष्ठभागाला जाऊन टेकवतात. धाग्याच्या टोकाला कनेक्सिन नावाच्या प्रथिनाच्या सूक्ष्म नळ्या असतात आणि त्यांतून लहान रेणू या पेशीतून त्या पेशीत थेट जातात. हे वाचल्यावर मी वही बाजूला ठेवून बराच वेळ बसून राहिले. अंडपेशीला ग्लुकोज स्वतः नीट फोडता येत नाही. क्युम्युलस पेशी ते फोडून त्याचे पायरुवेट करतात आणि तिला देतात, मग तिच्या तंतुकणिका त्यातून ऊर्जा काढतात. काही अमिनो आम्ले ती स्वतः आत घेऊ शकत नाही, ती याच पेशी घेऊन तिच्याकडे पोहोचवतात. उंदरांच्या अंडपेशीवर झालेल्या कामात तर असे दिसले की कोलेस्टेरॉलही ती स्वतः पुरेसे बनवत नाही आणि भोवतालच्या पेशींकडून घेते. आमच्याकडे बाळंतिणीला सव्वा महिना ज्या काळजीने आयते ताट दिले जाते, त्या काळजीने या पेशी अंडपेशीला महिनोन्‌महिने भरवत असतात.

आणि भरवण्याइतकेच महत्त्वाचे काम म्हणजे तिला थांबवून धरणे. १९३५ मध्ये पिंकस आणि एन्झमन यांनी सशाच्या अंडपेशी फॉलिकलमधून बाहेर काढून काचेच्या भांड्यात ठेवल्या तेव्हा त्यांचे थांबलेले विभाजन, कोणतेही संप्रेरक न देता, आपोआप पुढे सुरू झाले. म्हणजे थांबवणारे काहीतरी फॉलिकलच्या आतच होते. ते काय, याचा मोठा भाग उंदरांवरील अभ्यासातून २०१० मध्ये उलगडला. भिंतीकडच्या ग्रॅन्युलोसा पेशी एनपीपीसी नावाचे छोटे प्रथिन सोडतात, क्युम्युलस पेशींवर त्याला ओळखणारा ग्राहक, म्हणजे निरोप टिपणारे प्रथिन (रिसेप्टर), असतो, त्यामुळे त्यांच्यात चक्रीय जीएमपी नावाचा रेणू तयार होतो आणि तो त्या बारीक नळ्यांतून अंडपेशीत जाऊन तिच्यावरचा ब्रेक दाबून ठेवतो. पाळीच्या मध्यावर मेंदूकडून एलएच हे संप्रेरक उसळते तेव्हा त्याचा निरोपही अंडपेशीला थेट मिळत नाही. तो आधी भिंतीच्या पेशींना मिळतो, त्या क्युम्युलस पेशींना कळवतात, चक्रीय जीएमपी काही तासांत खाली येते, आणि मग कुठे पंचवीस-तीस वर्षांचा मुक्काम सुटून अंडपेशी पुढे निघते.

जावेच्या टेस्ट ट्यूब बेबीच्या (आयव्हीएफ) उपचारांत याचा मला प्रत्यक्ष अर्थ लागला. दहा दिवस तिला पोटावर जी एफएसएचची, म्हणजे फॉलिकल वाढवणाऱ्या संप्रेरकाची, इंजेक्शने घ्यावी लागली, ती बर्फ घातलेल्या थर्मासमधून आम्ही एसटीने आणली होती आणि उपकेंद्रातील सिस्टर रोज संध्याकाळी ती देत असत. एफएसएच ओळखणारा ग्राहक अंडाशयात फक्त ग्रॅन्युलोसा पेशींवर असतो. म्हणजे इतक्या खर्चाची आणि इतक्या जपणुकीची ती दहा दिवसांची औषधे एकदाही थेट अंडपेशीला शिवली नव्हती. ती सगळी तिच्या सोबतिणींसाठी होती. शेवटचे ‘ट्रिगर’चे, म्हणजे एलएचच्या उसळीचे काम करणारे, इंजेक्शन शहरातल्या नातेवाइकांकडे राहून रात्री बरोबर साडेदहाला घ्यायचे होते, आणि बीजे बाहेर काढण्याची वेळ तिसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊची होती. इतका काटेकोरपणा कशासाठी, असे माझे दीर वैतागून विचारत होते. ट्रिगरनंतर साधारण छत्तीस तासांनी फॉलिकल फुटते, आणि त्याआधी आतला निरोप एका पेशीकडून दुसरीकडे पूर्ण पोहोचलेला असावा लागतो, हे मी त्यांना समजावून सांगितले तेव्हा ते पहिल्यांदाच उपचारांविषयी शांतपणे ऐकत बसले.

इथवर वाचून कोणाला वाटेल की अंडपेशी म्हणजे निव्वळ पराधीन जीव. तसे नाही, आणि मला सर्वांत जास्त आश्चर्य याच भागाचे वाटले. अंडपेशी जीडीएफ-९ आणि बीएमपी-१५ नावाची दोन प्रथिने सोडते आणि त्यांच्या जोरावर भोवतालच्या पेशींना कामाला लावते. १९९६ मध्ये जीडीएफ-९चे जनुक नसलेल्या उंदरांच्या माद्या तयार केल्या गेल्या, तेव्हा त्यांची फॉलिकले अगदी सुरुवातीच्या टप्प्यावरच अडकली. २००२ मध्ये अमेरिकेतील जॅक्सन प्रयोगशाळेत एपिग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाढलेल्या फॉलिकलमधील अंडपेशी काढून नवजात उंदराच्या अंडाशयातील कोवळ्या आधारपेशींसोबत, म्हणजे अंडपेशीभोवती राहणाऱ्या पेशींसोबत, ठेवली. त्या कोवळ्या पेशींनी आपला नेहमीचा वेग सोडला आणि फॉलिकलची वाढ दुप्पट वेगाने झाली. म्हणजे घड्याळ अंडपेशीकडे आहे आणि रसद आधारपेशींकडे आहे. दोघींपैकी कोणाचे चुकले, हा प्रश्नच बहुतेक वेळा नीट विचारता येत नाही, कारण एकीच्या कमतरतेने दुसरी बिघडते आणि बिघडलेली दुसरी पहिलीला आणखी कमकुवत करते.

याच प्रथिनांचा एक धागा आपल्या महाराष्ट्रापर्यंत येतो. उन्हाळ्यात आमच्या वावरात मेंढ्या बसवायला धनगर येतात, आणि त्यांच्या कळपात बहुतेक मेंढ्यांना एका वेळी एकच कोकरू होते. बंगालमधील सुंदरबनातल्या गारोळ जातीच्या लहानखुऱ्या मेंढीला मात्र जुळी-तिळी होतात. ऑस्ट्रेलियातील बुरूला मेरिनो मेंढ्यांमध्येही हाच गुण आहे, आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस बंगालहून तिकडे गेलेल्या मेंढ्यांमधूनच तो आला असे मानले जाते. या गुणाला ‘फेक-बी’ म्हणतात. २००१ मध्ये असे सापडले की तो बीएमपीआर-१बी या एका जनुकातील एका अक्षराच्या बदलामुळे येतो, आणि हे जनुक बीएमपी कुळातील प्रथिनांचा निरोप ऐकणाऱ्या ग्राहकाचे आहे, जो ग्रॅन्युलोसा पेशींवर असतो. ग्राहक थोडा बदलला की फॉलिकल लहान असतानाच, कमी ग्रॅन्युलोसा पेशी घेऊनच पिकते आणि एकाऐवजी दोन-तीन एकदम फुटतात. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने गारोळमधील हा गुण दख्खनी मेंढीत आणून ‘नारी सुवर्णा’ ही जात तयार केली. मी हे आमच्याकडे येणाऱ्या धनगरबुवांना सांगितले, तेव्हा त्यांनी एकच विचारले की दोन कोकरांना पुरेल इतके दूध त्या मेंढीला येते का. प्रश्न अगदी नेमका होता. जास्त कोकरांची मेंढी चारा आणि काळजीही जास्त मागते, आणि तो विचार जातीच्या प्रसारात करावाच लागतो.

आता जनुकांच्या ‘चालू असण्या’विषयी. विद्यार्थ्यांना मी पंचांगाचे उदाहरण देते. गावातल्या घरोघरी पंचांग एकच असते, पण लग्न ठरलेल्या घरी मुहूर्ताचे पान उघडलेले असते आणि पेरणीच्या तोंडावर शेतकऱ्याच्या घरी नक्षत्रांचे. शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत जनुकांचा संच तोच असतो. कोणत्या वेळी कोणते जनुक वाचले जात आहे आणि त्याच्या किती आरएनए प्रती निघत आहेत, यावर त्या पेशीचे काम ठरते. ग्रॅन्युलोसा पेशीत अरोमॅटेजचे जनुक वाचले जाते म्हणून इस्ट्रोजेन तयार होते. एलएचच्या उसळीनंतर क्युम्युलस पेशींत एचएएस-२ नावाचे जनुक जोरात चालू होते, हायल्युरोनिक आम्ल तयार होते, आणि पाण्यात भिजवलेल्या सब्जाच्या दाण्याभोवती जसा बुळबुळीत थर फुगतो तसा अंडपेशीभोवतीचा सगळा गोळा फुगून मोकळा होतो. त्या थराला बांधून ठेवणारी प्रथिने टीएनएफएआयपी-६ आणि पीटीएक्स-३ या जनुकांची असतात, आणि पीटीजीएस-२ प्रोस्टाग्लँडिन तयार करते. यातले एखादे जनुक पुरेसे चालले नाही तर तो थर नीट बनत नाही. ज्या मादी उंदरांत या शेवटच्या तीन जनुकांपैकी एखादे काढून टाकले त्यांची प्रजननक्षमता घटलेली दिसली.

यावरून संशोधकांना जी कल्पना सुचली ती आमच्या शेतकऱ्यांना लगेच कळेल. सोयाबीन पेरण्याआधी आपण शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो, आठवड्याने कोंब मोजतो, आणि सत्तर किंवा जास्त फुटले तर ते बियाणे पेरायला योग्य समजतो. तपासलेले शंभर दाणे गेले तरी पोत्यात हजारो उरतात. अंडपेशीच्या बाबतीत पोतेच नसते. जावेला नऊ मिळाल्या, त्यांतल्या सहा परिपक्व होत्या. एखादी फोडून तिच्या आत कोणती जनुके चालली होती हे पाहायचे ठरवले तर ती हातची जाते, आणि ती पाहून शेजारणीविषयी खात्रीने काही सांगताही येत नाही. परंतु तिच्या भोवतीच्या क्युम्युलस पेशी तर प्रयोगशाळेत एरवीही काढून टाकल्या जातात. शुक्राणू थेट आत सोडण्याच्या पद्धतीत अंडपेशी स्वच्छ दिसावी म्हणून एक विकर (एन्झाइम) वापरून तो सगळा थर सोडवतात आणि तो कचऱ्यात जातो. जी पेशी महिनोन्‌महिने नळ्यांनी अंडपेशीला जोडलेली होती, तिच्या आरएनएमध्ये अंडपेशीच्या प्रकृतीची खूण उरलेली असणार, आणि ती वाचताना अंडपेशीला धक्काही लागत नाही.

२००४ मध्ये असा एक महत्त्वाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या अंडपेशींपासून पुढे चांगल्या दर्जाचे भ्रूण झाले, त्यांच्या क्युम्युलस पेशींत एचएएस-२, पीटीजीएस-२ आणि ग्रेम-१ या तीन जनुकांच्या प्रती जास्त आढळल्या. या तिन्ही जनुकांना चालना देणाऱ्यांत अंडपेशीचे स्वतःचे जीडीएफ-९ आहे, म्हणून हा निष्कर्ष मला विशेष पटतो. जोरकस बोलणाऱ्या अंडपेशीचा निरोप भोवतालच्यांनी जोरकस ऐकला, एवढेच त्यात दिसते. त्यानंतर अनेक देशांतून अशा याद्या आल्या, एकेका यादीत डझनावारी जनुके होती, आणि याद्या शेजारी ठेवल्या तेव्हा त्यांतली फारच थोडी जनुके समान निघाली. याची कारणे कळण्यासारखी आहेत. स्त्रियांचे वय आणि आजार वेगळे, इंजेक्शने वेगळी, पेशी किती तासांनी गोठवल्या ते वेगळे, कोणी भ्रूणाचे रूप हा निकष धरला तर कोणी प्रत्यक्ष गर्भधारणा हा. शिवाय मूल होणे न होणे हे एकट्या अंडपेशीवर नसते. शुक्राणू असतो, गर्भाशयाचे अस्तर असते. म्हणून आजच्या घडीला क्युम्युलस पेशींची जनुक-तपासणी हे संशोधनाचे साधन आहे, आणि नेहमीच्या उपचारांत तिच्यावर विसंबून भ्रूण निवडण्याइतका पुरावा जमलेला नाही. कोणी तिच्या नावाने मोठी रक्कम सांगत असेल तर ‘याने मूल होण्याचे प्रमाण वाढल्याचे कोणत्या चाचणीत सिद्ध झाले?’ असे जरूर विचारावे.

एएमएचविषयी दोन वाक्ये लिहिणे भाग आहे, कारण गावागावांतून हा आकडा आता बायकांच्या तोंडी आहे आणि त्यावरून लग्ने मोडायची भाषा झालेली मी ऐकली आहे. एएमएच हे संप्रेरक लहान वाढत्या फॉलिकलच्या ग्रॅन्युलोसा पेशी तयार करतात, त्यामुळे अशी फॉलिकले किती आहेत याचा अंदाज त्यावरून येतो आणि इंजेक्शनचा डोस ठरवायला तो उपयोगी पडतो. अंडपेशी चांगली की वाईट, हे एएमएच सांगत नाही. जावेचा आकडा कमी होता. तिच्या माहेरच्या एका नात्यातील मुलीचा, पीसीओएसमुळे (अंडाशयात खूप लहान फॉलिकले साठून राहण्याच्या विकारामुळे), खूप जास्त होता, आणि दोघींनाही दिवस राहत नव्हते.

आधारपेशींचे महत्त्व सांगताना वय झाकून ठेवणेही अप्रामाणिकपणाचे होईल. गुणसूत्रांना जोडून धरणारी कोहेसिन नावाची प्रथिने अंडपेशीत जन्माआधीच बसवलेली असतात, वर्षांनुवर्षे ती झिजतात आणि नव्याने भरून निघत नाहीत. पस्तिशीनंतर गुणसूत्रांची वाटणी चुकण्याचे प्रमाण वाढते त्याचे हे एक मोठे कारण आहे, आणि कितीही उत्तम आधारपेशी ते पूर्ण भरून काढू शकत नाहीत. त्याच काळात ग्रॅन्युलोसा पेशींच्या तंतुकणिकाही दुबळ्या होतात, हा भाग वेगळा. म्हणून पाच-सात वर्षे बाबा-बुवा, गंडेदोरे आणि ‘होईल आपोआप’ यांत घालवून मग दवाखान्याची पायरी चढणाऱ्या जोडप्यांविषयी मला फार वाईट वाटते. आमच्याही घरात चार वर्षे अशीच गेली. त्यांतली दोन वर्षे केवळ माझ्या दिरांनी वीर्यतपासणी करून घेतली नाही म्हणून गेली, आणि ती तपासणी सर्वांत सोपी, सर्वांत स्वस्त आणि पहिल्याच आठवड्यात व्हायला हवी अशी आहे. वंध्यत्वात पुरुषाच्या बाजूचे कारण जवळजवळ निम्म्या जोडप्यांत एकटे किंवा जोडीने आढळते. त्यांचा अहवाल आला तेव्हा शुक्राणूंची संख्या कमी होती. ती बातमी बाजारापर्यंत गेली नाही.

खर्ऱ्याविषयीही लिहिते, कारण आमच्या भागात तो पानठेल्यावरच नव्हे तर वावरात निंदणाऱ्या बायकांच्या ओच्यातही असतो. तंबाखूने शुक्राणूंची संख्या आणि हालचाल घटते हे अनेक अभ्यासांतून दिसले आहे. धूम्रपान करणाऱ्या स्त्रियांच्या फॉलिकलमधील द्रवात निकोटीनपासून बनणारे कोटिनिन आणि कॅडमियम सापडले आहे, म्हणजे तंबाखू रक्तातून थेट त्या खोलीत पोहोचते जिथे ग्रॅन्युलोसा पेशी आणि अंडपेशी राहतात. फॉलिकल शेवटच्या टप्प्यात वाढायला साधारण तीन महिने लागतात, म्हणून निदान उपचारांच्या तीन-चार महिने आधी दोघांनीही खर्रा सोडावा, असे मी ओळखीच्या प्रत्येक जोडप्याला हात जोडून सांगते. पऱ्हाटीवर फवारणी करताना तोंडाला साधा दुपट्टाही न बांधणाऱ्या, आणि तीच लुगडी तशीच नेसून स्वयंपाकाला लागणाऱ्या बायका पाहिल्या की माझा जीव कासावीस होतो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तेव्हा काही दिवस सगळ्यांनी हातमोज्यांची चर्चा केली. मरण दिसते म्हणून त्याची बातमी होते. जे वर्षानुवर्षे थोडे थोडे अंगात मुरते त्याची होत नाही. दुधात घालायच्या महागड्या पावडरी आणि ‘अंडी सुधारणाऱ्या’ गोळ्या यांपेक्षा या दोन गोष्टींत मला जास्त तथ्य वाटते.

जावेच्या सहा परिपक्व अंडपेशींपैकी चार फलित झाल्या आणि दोनच भ्रूण पाच दिवसांपर्यंत टिकले. एक त्याच महिन्यात गर्भाशयात सोडला, तो रुजला नाही. दुसरा गोठवून ठेवला होता. मधल्या काळात दिरांनी खर्रा सोडला. सोयाबीनचे पैसे हाती आले आणि गेल्या आठवड्यात दुसरा भ्रूण सोडला गेला. निघताना जावेने त्या प्रयोगशाळेतील बाईंना विचारले की माझ्या बीजाभोवतीच्या त्या पेशींचे तुम्ही काय केले. हा प्रश्न त्यांना याआधी कोणी विचारला नसावा, पण त्यांनी खुर्ची ओढून तिला जवळ बसवले आणि संगणकावर पहिल्या दिवसाचे छायाचित्र उघडून दाखवले. मधोमध गोल अंडपेशी, आणि भोवती उन्हात चमकणाऱ्या कापसाच्या बोंडासारखा पसरलेला पेशींचा पुंजका. बाईंनी सांगितले की त्या टाकून दिल्या. “त्यायनंच पोसलं होतं नं तिले,” एवढेच जाऊ म्हणाली.

नेहमीच्या पाळीत अंडपेशी निघून गेल्यावर भिंतीला उरलेल्या ग्रॅन्युलोसा पेशी मरत नाहीत. त्यांची जनुकांची पाने पुन्हा बदलतात, त्या फुगतात, पिवळ्या होतात, त्यांचे पीतपिंड बनते, आणि गर्भ रुजला तर वार तयार होऊन काम हाती घेईपर्यंत, साधारण आठ ते दहा आठवडे, त्याच प्रोजेस्टेरॉन पुरवतात. गोठवलेला भ्रूण सोडताना या महिन्यात गोळ्यांनी अस्तर वाढवले होते, कोणतेही फॉलिकल फुटलेले नाही, त्यामुळे पीतपिंडही नाही. त्या पेशींचे काम आता तेलातल्या प्रोजेस्टेरॉनचे इंजेक्शन करत आहे. सुई जाड असते आणि जागा दुखते, म्हणून सासूबाई रोज रात्री मिठाची पुरचुंडी तव्यावर गरम करून तिला शेकायला देतात. ‘बी खराब’ हा शब्द त्यांनी एकदा माझ्यासमोर उच्चारला होता, आणि मी फॉलिकलची आकृती काढून दाखवल्यापासून तो पुन्हा त्यांच्या तोंडून आलेला नाही. आज संध्याकाळी उपकेंद्रात बारावे इंजेक्शन झाले. रक्ततपासणी सोमवारी आहे, आणि पहिल्या एसटीने आम्ही तिघी निघणार आहोत.